मार्कशीटवरचा गायक

हॉल तिकीट काढा. नाहीतर मार्कशीट. फीची पावती सापडली तर तीही चालेल. वर, लोगोशेजारी काय लिहिलंय? 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ'. एवढं मोठं नाव कोण घेतो म्हणून आपण 'आरटीएमएनयू' म्हणतो आणि रिझल्ट लागला का ते बघायला लागतो. पण त्या 'टी'च्या मागे एक गायक उभा आहे. स्वतः गाणी लिहिणारा, स्वतःच चाल बसवणारा, स्वतः गाणारा आणि गाता गाता स्वतःच वाजवणारा. आजच्या भाषेत सिंगर-साँगरायटर. आणि त्यानं सुरुवात केली तेव्हा तो तुमच्याहून बराच लहान होता. शाळा तर प्राथमिकमध्येच सुटली होती.

त्यांचा फोटो तुम्ही हजार वेळा पाहिलाय. ग्रामपंचायतीत, शाळेच्या व्हरांड्यात, कॉलेजच्या ऑफिसात. भगवी वस्त्रं, डोक्याला गुंडाळलेलं कापड आणि बऱ्याच फोटोंत हातात एक छोटंसं गोल वाद्य. आपण फोटोला हार घालतो, वाद्याकडे बघत नाही. संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक, 'ग्रामगीते'चे कर्ते या सगळ्यावर भाषणं भरपूर झालीत, निबंध स्पर्धेत तुम्हीही दोन पानं लिहिली असतील. मला सांगायचंय ते त्याआधीचं. फोटो होण्याआधीच्या त्या पोराबद्दल.

आधी एक गंमत. वर्धा नदीच्या या बाजूला आपण, नरखेड, मोवाड, जलालखेडावाले. आपली डिग्री तुकडोजी महाराजांच्या नावाची. मोवाडहून पलीकडे वरूडला गेलं की तिथल्या पोरांची डिग्री संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. तुकडोजी भजन गायचे, गाडगेबाबा कीर्तन करायचे. म्हणजे शेजारशेजारच्या दोन विद्यापीठांना ज्यांची नावं आहेत, ते दोघंही लोकांसमोर उभं राहून परफॉर्म करणारे आणि दोघांनाही धड शाळा मिळालेली नाही. आख्ख्या देशात अशी जोडी दुसरीकडे असेल असं मला वाटत नाही. तरी आपल्याकडे कोणी पोरानं घरी सांगितलं की 'मला गाणं करायचंय', तर पहिला प्रश्न येतो, 'मग शिक्षणाचं काय?'

वरखेडचा माणिक

नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म 30 एप्रिल 1909, अमरावती जिल्ह्यातलं यावली. घरची गरिबी. लहानपणाचा बराच काळ आजोळी गेला, तिवसा तालुक्यातल्या वरखेडला. हे वरखेड वर्धा नदीच्या काठी. म्हणजे आपल्या मोवाडवरून जी नदी खाली वाहत जाते, तिच्याच काठावर हा पोरगा वाढला.

वरखेडला आडकोजी महाराज होते. माणिकचा ओढा पुस्तकापेक्षा त्यांच्याकडे. देवळात भजन सुरू झालं की हा तिथे. त्या काळी भजन म्हणजे बहुतेक संतांचे अभंग. कोणाचंही भजन म्हणा, शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'एका जनार्दनी' असं काहीतरी येणारच. ऐकून ऐकून पाठ झालेलं पोरगं एके दिवशी स्वतःच ओळी जोडायला लागतं, तसं माणिकचं झालं. आडकोजी महाराजांनी त्याला नाव दिलं तुकड्या. का, तर त्याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की लोकांनी भिक्षेत दिलेल्या भाकरीच्या तुकड्यांवर हे पोरगं राहायचं. दुसरी अशी की दरवेळी काय 'तुका म्हणे' करतो, आता 'तुकड्या म्हणे' म्हण, असं गुरूंनी सांगितलं.

मला दुसरी गोष्ट जास्त आवडते. ती खरी असो वा नसो, तिच्यात गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकाला लागू होईल असं काहीतरी आहे. दुसऱ्यांची गाणी सुंदर गाणारे ढीगभर असतात. कव्हर व्हर्जनवर लाइक पण भरपूर येतात. पण एका टप्प्यावर कोणीतरी म्हणावं लागतं, बाबा, आता शेवटी तुझं नाव टाक. शेवटच्या कडव्यातल्या या नावाला नाममुद्रा म्हणतात. तुकारामांच्याही आधीपासून चालत आलेली पद्धत आहे. आजचे रॅपर गाण्यात स्वतःचं नाव पेरतात ना, 'ही माझी ओळ आहे, लक्षात ठेवा' म्हणून, तोच प्रकार. छापखाना नव्हता, कॉपीराइट नव्हता, गाणं या तोंडातून त्या तोंडात जायचं. नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं की ते कुठेही गेलं तरी नाव सोबत जायचं. पुढं या माणसाचं खरं नाव लोक जवळजवळ विसरले आणि नाममुद्राच त्याचं नाव झालं. आपल्या मार्कशीटवर छापलंय ते त्याचं गाण्यातलं नाव आहे.

1921 मध्ये आडकोजी महाराज गेले. माणिक तेव्हा 12 वर्षांचा. त्यानंतरची काही वर्षं तो घरात फारसा टिकलाच नाही. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा जंगलांतून, डोंगरांतून हिंडत राहिला. या वर्षांबद्दल चरित्रांमध्ये चमत्कार बरेच आहेत. ते मी इथे बाजूला ठेवतो. जो माणूस पुढं आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध गायला, त्याला चमत्कारांनी मोठं करण्यात काय अर्थ? मला त्या वर्षांत वेगळंच दिसतं. बारा ते वीस या वयात ना शाळा, ना नोकरी, ना कुठली परीक्षा. गावोगाव फिरणं, मिळेल ते खाणं, मिळेल तिथे गाणं आणि नवीन ओळी जोडत राहणं. यालाच आपण हल्ली रियाज म्हणतो, स्ट्रगल म्हणतो, जरा बरं वाटावं म्हणून 'गॅप इयर' म्हणतो.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. नागपूर विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923 ची. त्या दिवशी माणिक 14 वर्षांचा होता. विद्यापीठ त्याच्यासाठी नव्हतं आणि तो विद्यापीठासाठी नव्हता. 2005 मध्ये त्याच विद्यापीठाला त्याचं नाव लागलं. मधे 82 वर्षं गेली.

खंजेरीच का?

खंजेरी तुम्ही पाहिलीच असेल. लाकडाचं कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कड्यात बसवलेल्या छोट्या झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. बोट पडलं की ठेका आणि हात हलला की झांजेची किणकिण. म्हणजे ताल आणि खळखळाट दोन्ही एकाच वाद्यात.

गावोगाव पायी फिरणाऱ्या गरीब पोरासाठी याहून सोयीचं वाद्य नाही. पेटी उचलून न्यायला माणूस लागतो. तबल्याला बैठक लागते, सूर लावत बसावं लागतं. खंजेरी झोळीत मावते. पारावर, शेतात, यात्रेत, कुठेही दोन मिनिटांत कार्यक्रम सुरू. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाणारा आणि वाजवणारा एकच असला की गाण्याचा वेग त्याच्या हातात राहतो. ओळ लोकांना लागली असं वाटलं की तिथेच थांबायचं, ठेका हळू करायचा, चार शब्द बोलायचे, पुन्हा उचलायचं. समोरच्यांच्या चेहऱ्याकडे बघत बघत गाणं चालवता येतं.

मास कॉमच्या वर्गात आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात, ऑडियन्स ओळखा. त्यावर पीपीटी असते. या पोरानं ते पारावर बसून शिकलं. त्याचा पुरावा भाषेत दिसतो. तुकडोजींनी मराठीत लिहिलं तसंच हिंदीतही भरपूर लिहिलं. तीन हजारांहून जास्त भजनं त्यांच्या नावावर सांगितली जातात, त्यात हिंदी भजनांचा वाटा मोठा आहे. अमरावतीकडचा माणूस हिंदीत का लिहील, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. नरखेडच्या वाचकाला वाटायचं कारण नाही. आपल्या स्टेशनवरून इटारसीकडे गाडी निघाली की पुढं पांढुर्णा, म्हणजे मध्य प्रदेश. बाजारात अर्धं मराठी, अर्धं हिंदी चालतं आणि कोणाचंच अडत नाही. त्या काळी तर सीमाच नव्हती. आपण सगळे 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या एकाच प्रांतातले, राजधानी नागपूर. छिंदवाडा, बैतूलची माणसं आणि वर्धा, अमरावतीची माणसं एकाच यात्रेत भेटायची. ज्याला त्या सगळ्यांसमोर गायचंय, त्यानं दोन्ही भाषा घ्यायच्याच.

हिंदीसुद्धा कशी, तर पुस्तकी नाही. उर्दू शब्द आले तर आले, मराठी वळण लागलं तर लागलं. लोकांना कळली पाहिजे, बस्स. चालींचंही तसंच. भजनाच्या पुस्तकांत वर 'चाल' किंवा 'तर्ज' म्हणून लोकांना आधीच माहीत असलेल्या गाण्याचं नाव देतात, ते तुम्ही पाहिलं असेल. चाल ओळखीची असली की दुसऱ्या कडव्याला सगळा गाव साथ देतो. संगीताच्या अभ्यासकाला हे कदाचित साधं वाटेल. पण गाणं पसरवायचं असेल तर हीच युक्ती आहे आणि गणपतीच्या मंडळांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत आजही सगळे हेच करतात.

साधारण याच काळात, 1929-30 च्या सुमारास, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला असंच काहीतरी चाललं होतं. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात मेरी ट्रॅव्हर्स नावाची एक बाई होती. लहान वयात मॉन्ट्रियलला येऊन लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलेली. फिडल वाजवायची, माउथ ऑर्गन वाजवायची, गावाकडच्या ओळखीच्या चालींवर स्वतःचे शब्द बसवायची. विषय काय, तर बेकारी, महागाई, शेजारपाजार. भाषा स्वयंपाकघरातली. 'ला बोल्डुक' या नावानं लोक तिला ओळखायचे. तिच्या रेकॉर्ड निघाल्या आणि मंदीच्या त्या वर्षांत लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. आज क्यूबेकमध्ये स्वतः लिहून गाणाऱ्यांची परंपरा सांगायची झाली की तिच्यापासून सुरुवात करतात. तिला रेकॉर्ड कंपनी मिळाली, आपल्या माणिकला यात्रा मिळाली. एवढाच फरक, असं मी म्हणणार होतो, पण फरक आणखी एक आहे. तिला तिथे गायिका म्हणून शिकवतात. यांना आपण संत म्हणून वंदन करतो आणि गाणं राहून जातं.

26 व्या वर्षी सालबर्डी

सालबर्डी माहीत आहे ना? मोर्शीजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, महादेवाची गुहा. महाशिवरात्रीला आपल्याकडूनही लोक जातात. ज्या डोंगरात माणिक पोरवयात हिंडला, तिथेच 1935 मध्ये तुकडोजींनी मोठा यज्ञ भरवला. तीन लाखांहून जास्त लोक आल्याचं सांगितलं जातं. आकड्यात थोडं इकडे तिकडे झालं असेल असं धरलं, तरी विचार करा. मोबाइल नाही, जाहिरात नाही, धड रस्ता नाही. बैलबंडीनं, पायी लोक आले. या माणसाचं वय तेव्हा 26. ही गर्दी एका दिवसाची नव्हती. दहा-बारा वर्षं पारापारावर गाऊन जमवलेली ती माणसं होती.

त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. इतकी वर्षं फिरणाऱ्या गायकाला पत्ता मिळाला.

आणि मग 1936. गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं. सेवाग्रामला, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. गांधीजी स्वतः तिथे राहायला आले तो दिवस 30 एप्रिल 1936, म्हणजे तुकडोजींचा 27 वा वाढदिवस. निव्वळ योगायोग आहे, पण मला सांगायचा मोह आवरला नाही. तुकडोजी तिथे महिनाभर राहिले. गांधीजींचा मौनाचा दिवस होता, भजन संपलं आणि 'पुन्हा म्हणा' हे सांगायला त्यांनी मौन सोडलं, अशी आठवण आपल्याकडे घरोघरी सांगतात. कुठल्याही गायकाला याहून मोठी 'वन्स मोअर' मिळाली नसेल.

पण माझ्या मते त्या महिन्यात जे झालं ते कौतुकापेक्षा मोठं होतं. तोवर हा गायक देवाबद्दल गात होता. लोक येत होते, गर्दी होत होती, नाव झालं होतं. बहुतेक कलाकार इथेच थांबतात. जे चाललंय ते चालवायचं. तुकडोजींनी विषय बदलला. सूतकताई, गावाची सफाई, अस्पृश्यता, व्यसन, भांडणं, सावकारी हे सगळं भजनात यायला लागलं. चाल तीच, खंजेरी तीच, शेवटी नाव तेच. फक्त देवळात बसून गावाबद्दल गायचं. हे म्हणायला सोपं आहे. ज्या लोकांनी तुम्हाला भक्तिगीतांसाठी डोक्यावर घेतलंय, त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच शिवाशिवीबद्दल गायचं म्हणजे हातातला ऑडियन्स जाण्याची भीती. रील चालायला लागली की तोच तोच ट्रेंड धरून ठेवणाऱ्या आपल्या पिढीला ही भीती चांगली माहीत आहे.

ऑडियन्स गेला नाही. उलट 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली, आपल्या शेजारचं बेनोडा ही गावं पेटली, तेव्हा इंग्रज सरकारला या भजनांची धास्ती वाटली. 28 ऑगस्टला तुकडोजींना अटक झाली. नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरमध्ये सुटका झाली. खंजेरी वाजवणाऱ्या माणसाला सरकारनं आत टाकावं, यात त्या गाण्यांचं वजन कळतं. आष्टी आणि बेनोडा, दोन्ही गावांच्या नावापुढं आज 'शहीद' लागतं. तिकडे जायला आपल्याला तास-दीड तास पुरतो.

त्यापुढचं तुम्हाला पाठ आहे. 'ग्रामगीता', 41 अध्याय. 1955 ची जपानमधली परिषद. राजेंद्र प्रसादांनी दिलेली 'राष्ट्रसंत' ही पदवी. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीत निधन. करिअरचा हा भाग निबंधातला आहे, तो निबंधातच राहू दे.

आता आपल्याकडे या. तुमच्या वर्गात एक तरी जण असा आहे, ज्याच्या वहीच्या मागच्या पानांवर ओळी लिहिलेल्या आहेत. कोणी रॅप लिहितं, कोणी गझल, कोणी नुसतंच काहीतरी. विचारलं की वही बंद. आणि त्याच पोराचे काका गावच्या भजनी मंडळात खंजेरी वाजवतात, हे तो सांगत नाही, कारण ते 'गावठी' वाटतं. गिटार घेतली की कलाकार, खंजेरी घेतली की भजनी. हा भेद कोणी केला मला माहीत नाही, पण आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला तो स्पष्ट दिसतो. स्टेजवर गिटारला टाळ्या आणि भजनाचा ग्रुप आला की मागची रांग चहाला.

पण ज्यांना ही लाज वाटली नाही त्यांचं काय झालं बघा. सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवून दारू, हुंडा, अंधश्रद्धेवर बोलतात आणि वऱ्हाडी ऐकायला हजारो लोक रात्र जागवतात. सौरभ अभ्यंकर, म्हणजे 'हंड्रेड आरबीएच', अमरावतीचा. मराठीत रॅप करतो. 2023 मध्ये 'एमटीव्ही हसल'च्या मंचावर उभा राहिला, तोही आपल्याकडची भाषा न सोडता. त्याचं आणि तुकडोजींचं गाणं एकसारखं आहे असं अजिबात म्हणायचं नाही मला. पण ठेका धरून, बोलीत, लोकांना टोचेल असं बोलायचं आणि स्वतःच्या नावानिशी बोलायचं, ही रीत या मातीत त्याच्या आधीपासून होती.

ऐकायचं असेल तर ऑक्टोबरच्या सुमारास मोझरीला जा. नरखेडहून नवी अमरावतीची गाडी, तिथून बस. पुण्यतिथी महोत्सवात गावोगावची भजनी मंडळं येतात, पालख्या येतात, दिवसरात्र खंजेरी चालू असते. म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात ऐका, शाळेतल्या पोरींच्या ग्रुपचं ऐका. मुख्य दिवशी मौन श्रद्धांजली असते. लाखो लोकांचा कोलाहल एका क्षणी बंद होतो, सगळे जिथल्या तिथे उभे राहतात. मग पुन्हा कुठल्यातरी मंडपात ठेका सुरू होतो. तो ऐकताना शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा. तिथे 'तुकड्या' हा शब्द येतो.